व्हिजिटिंग कार्ड: छोट्या धंद्याने कोणतं छापावं, कोणतं टाळावं

छोट्या धंद्याला व्हिजिटिंग कार्डाकडून दोनच कामं हवी असतात. एकदा काम करून घेतलेल्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी नंबर चटकन सापडावा. आणि त्याने ते कार्ड ओळखीच्या कुणाला दिलं, तर मालकाची गाठ न पडताही त्या तिसऱ्या माणसाला हा धंदा कशाचा आहे ते कळावं. छपाईवाल्याकडची नमुन्यांची फाइल उघडली की मखमली फिनिश, सोनेरी फॉइल, उठावाची अक्षरं असं सगळं समोर येतं, आणि त्यातलं बरंचसं या दोन कामांच्या आड येतं. म्हणून इथे प्रत्येक प्रकार याच दोन कसोट्यांवर तपासला आहे.

निकाल आधीच सांगतो. ३०० ते ३५० जीएसएमचा अनकोटेड, म्हणजे वर थर न दिलेला, कागद, लॅमिनेशन नाही, दोन्ही बाजूंना छपाई, मागच्या बाजूला पेनाने लिहायला मोकळी जागा, आणि पहिली खेप १०० ते २०० नगांची. बहुतेक छोट्या धंद्यांना यापलीकडे काही लागत नाही. ज्यांचं काम तेला-पाण्यातलं आहे त्यांची गोष्ट वेगळी. ती पुढे येईल.

कागद: जीएसएम म्हणजे जाडी नव्हे

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जाडी वेगळी, आणि इथेच फसगत होते. ३०० जीएसएमचं चकचकीत आर्ट कार्ड पाव मिलीमीटरच्या आसपास जाड भरतं, तर त्याच वजनाचा अनकोटेड कागद त्याहून चांगलाच जाड लागतो. आर्ट कार्डावर खडू आणि चिकणमातीच्या जातीच्या खनिजांचा थर असतो आणि ते रोलरखाली घोटून दाबलेलं असतं. वजन खनिजाचं, फुगीरपणा नाही. ‘जाड कागद द्या’ एवढं सांगून भागत नाही ते यामुळे. कागदाचा प्रकार आणि जीएसएम, दोन्ही ऑर्डरवर लिहून घ्यावेत.

सांगितलेलाच कागद आला का, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. ८५ × ५५ मिमीची, लॅमिनेशन नसलेली १०० कार्डं ३०० जीएसएमला सुमारे १४० ग्रॅम भरतात, ३५० ला १६४ आणि २५० ला ११७. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन असेल तर शंभर नगांमागे २५ ग्रॅमच्या आसपास फिल्मचे वजा करा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. पण ३५० ठरवून काटा ११७ दाखवत असेल तर कागद दोन पायऱ्या खाली आलेला आहे, आणि त्यावर वाद घालायला काही उरत नाही.

२५० च्या खाली जाऊ नये. त्याहून पातळ कार्ड काउंटरवरच्या स्टँडमध्ये उभं ठेवलं की दमट हवेत पुढे वाकतं, आणि पाकिटात त्याचे कोपरे महिन्याभरात दुमडतात. ४०० च्या वर जाण्यातही फायदा नाही, कारण जाड कार्डं खिशात कमी मावतात. ३५० चं दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं कार्ड १०० नगांना चार सेंटिमीटरची चळत होते. जो माणूस रोज कामावर हिंडतो त्याच्या खिशात वीस कार्डं सहज राहिली पाहिजेत.

अनकोटेड कागदाचा दोषही सांगायला हवा. त्यावर शाई शोषली जाते, ठिपके पसरतात आणि रंग आर्ट कार्डापेक्षा बसके दिसतात. फोटो छापायचा असेल तर हा कागद नको. पण शिलाईवाले, क्लासवाले, अकाउंटंट यांच्या कार्डावर फोटोचं काम काय? तिथे काळी अक्षरं आणि एक गडद रंग हवा, आणि ते अनकोटेडवर उत्तम उठतं. खरबरीत पोताचा कागद मात्र डिजिटल छपाईला घेऊ नये. टोनर, म्हणजे डिजिटल मशिनची शाईची पूड, पोताच्या खळग्यांत पोचत नाही आणि सपाट रंगात पांढरे ठिपके राहतात. तपकिरी क्राफ्ट कागदावर फक्त काळा रंग भरवशाचा. छपाईची शाई पारदर्शक असते, त्यामुळे खालचा तपकिरी रंग प्रत्येक रंगात मिसळतो: पिवळा मातकट होतो, निळा काळपट.

लॅमिनेशन: आधी पेन चालवून बघा

लॅमिनेशन म्हणजे गरम रोलरने चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, साधारण २५ ते ३० मायक्रॉनची. पाणी, घाम, घासणं यांपासून ती कार्ड वाचवते, हे खरं. पण ग्लॉस लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं, जेलपेनची शाई वाळत नाही आणि अंगठ्याला लागते. मॅटवर बॉलपेन उमटतं, तेही फिकं. सेवा देणाऱ्या धंद्यात कार्डाच्या मागे काहीतरी लिहून देणं हा कार्डाचा सगळ्यात मोठा उपयोग आहे: पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख, लावलेल्या पार्टचा नंबर, मापं, भेटीची वेळ. असं हाताने लिहिलेलं कार्ड लोक टाकत नाहीत, कारण त्यावर त्यांच्या कामाची माहिती असते. लॅमिनेशनने हा उपयोगच संपतो.

मग एकाच बाजूला लॅमिनेशन करून मागची बाजू मोकळी ठेवावी, असं सुचतं. छपाईवालेही सुचवतात. त्यात गोम अशी की कागद हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि फिल्म फुगत नाही. दमट हवेत मोकळी बाजू पसरते, फिल्मची बाजू तिथेच राहते आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वाकतं. कोरड्या हवेत उलटं. आल्या दिवशी सपाट दिसणारा गठ्ठा आठवड्याभरात पन्हळासारखा होतो. एका बाजूलाच फिल्म हवी असेल तर ओलावा आरपार जाऊ देणारी नायलॉनची फिल्म मागावी. ती बरीच सपाट राहते. ती नसेल तर फिल्मचा नाद सोडून वॉटर-बेस्ड कोटिंग किंवा वार्निश घ्यावं.

गडद रंगाच्या कार्डावर मॅट फिल्मची आणखी एक अडचण आहे. चावीचा ओरखडा, नखाचा चरा पांढरट रेघ होऊन दिसतो. मखमली फिल्म, जिला वेल्वेट किंवा सॉफ्ट-टच म्हणतात, ती बोटांचा तेलकटपणा धरून ठेवते. काळ्या कार्डावर पहिल्याच दिवशी ठसे दिसतात. हातात घेतल्यावर छान वाटतं यात शंका नाही. पण कार्डाचं खरं आयुष्य चाव्या, नाणी आणि पावत्यांच्या सोबतीत जातं, आणि तिथे वेल्वेट लवकर थकतं. फिकट पार्श्वभूमीवर घेतलं तर हे दोष झाकले जातात.

डिजिटल छपाईवरची फिल्म कोपऱ्यातून सुटते अशी तक्रार वारंवार येते. काही मशिनांत टोनर वितळवणाऱ्या रोलरला सिलिकॉनचं तेल लागतं, त्याचा पातळ थर कागदावर उरतो आणि साधी फिल्म नीट धरत नाही. जास्त पकडीची फिल्म वापरली तर प्रश्न सुटतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटांनी होणाऱ्या छपाईत, हाच दोष वेगळ्या वेशात येतो: ओल्या पत्र्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फवारलेली पावडर राहिली, तर गडद भागावर फिल्मखाली बारीक चंदेरी ठिपके दिसतात. दोन्हींची परीक्षा सोपी. कोपऱ्याला नख लावून फिल्म उचलायचा प्रयत्न करा, आणि गडद भाग खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा.

फॉइल, स्पॉट यूव्ही आणि बाकीचा थाट

स्पॉट यूव्ही म्हणजे मॅट कार्डावर ठरावीक जागी दिलेला चकचकीत थर. तो छपाईनंतर वेगळ्या फेरीत बसतो, त्यामुळे थोडा सरकतोच. मोठ्या चिन्हावर ते सरकणं दिसत नाही. छापलेल्या अक्षरांवर तंतोतंत थर बसवायला गेलं की अक्षराला सावली पडल्यासारखी दुहेरी कड दिसते. हवाच असेल तर अक्षरांवर नको, एका मोकळ्या आकारावर घ्या, आणि त्याची वेगळी फाइल शंभर टक्के काळ्या व्हेक्टर आकारात, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा न फुटणाऱ्या रूपात, द्या.

सोनेरी-चंदेरी फॉइल डायने, म्हणजे ठशाने, दाबून बसवतात. ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ त्यात टिकत नाही, आणि लहान अक्षरांची पोटं भरून जातात. ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘ज्ञ’ अशी अक्षरं १० पॉइंटला फॉइलमध्ये निव्वळ सोनेरी डाग होतात. फोन नंबर फॉइलमध्ये कधीही घेऊ नये. दिव्याखाली कार्ड जरा कललं की आकडे काळे किंवा पांढरे पडतात, आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला की वाचताच येत नाहीत. लोक कार्डं फोटो काढूनच पुढे पाठवतात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

एम्बॉसिंगने, म्हणजे अक्षरं उठावाची केल्याने, मागच्या बाजूला खड्डे पडतात, म्हणजे लिहायची जागा गेली. लेटरप्रेस ही सुंदर गोष्ट आहे. ६०० जीएसएमच्या मऊ सुती कागदात अक्षर खोल रुततं आणि बोटाला कळतं. ज्यांचा धंदाच डिझाइन, पुस्तकबांधणी, निमंत्रणं यांचा आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, कारण तिथे कार्ड हाच कामाचा नमुना असतो. इतरांना तो खर्च वसूल होणं अवघड.

आता तेला-पाण्यातले धंदे: गॅरेज, नळकाम, रंगकाम, पंप आणि मोटार दुरुस्ती. इथे दोन्ही बाजूंनी ग्लॉस लॅमिनेशन किंवा न फाटणारा सिंथेटिक कागद योग्य. पेन चालणार नाही ही किंमत मोजावी लागते; बारीक टोकाचं परमनंट मार्कर त्यावर चालतं. पण अशा धंद्यांना आमचा आग्रहाचा सल्ला आहे की कार्डाच्या जोडीला त्याच मापाचे स्टिकर छापून घ्या आणि काम झाल्यावर मशिनच्या बाजूला किंवा मीटरच्या पेटीच्या आत चिकटवा. मशिन बिघडेल तेव्हा नंबर तिथेच असेल. या एका कामात स्टिकर कार्डाला मागे टाकतो.

पीव्हीसीची कार्डं टिकाऊ असतात, पण लोक त्यांना सदस्यत्वाचं कार्ड समजतात आणि ती वाटायला महाग पडतात. एनएफसी चिपची, म्हणजे मोबाइलला टेकवल्यावर माहिती देणारी, कार्डं वाटायची नसतातच. एकच जवळ बाळगून समोरच्याच्या मोबाइलला टेकवायचं असतं. भेटीगाठींत ठीक, पण गिऱ्हाइकाच्या हातात काही उरत नाही. धातूचं एनएफसी कार्ड घेताना चिप आणि धातू यांमध्ये फेराइटचा थर आहे का ते विचारा, नाहीतर धातू चिपचा सिग्नल मारतो.

माप

पाकिटाचे कप्पे बँकेच्या कार्डासाठी शिवलेले असतात, आणि ते कार्ड ८५.६० × ५३.९८ मिमी असतं. म्हणून ८५ × ५५ मिमी हे माप सगळ्यात सोयीचं. ३.५ × २ इंच, म्हणजे ८८.९ × ५०.८ मिमी, हेही चालतं. ६५ मिमीचं चौकोनी कार्ड कप्प्यात जात नाही, मग ते टेबलावर राहतं आणि तिथून कचऱ्यात जातं. गोल कोपऱ्यांचा मात्र खरा फायदा आहे: टोक नसल्याने कोपरा दुमडत नाही.

कप्प्यात ठेवलेल्या कार्डाची वरची सेंटिमीटरभर पट्टीच बाहेर दिसते, आणि काउंटरवरच्या स्टँडमध्ये खालचा भाग झाकला जातो. दोन्हींत वरची कडच उघडी राहते. धंदा कशाचा आहे ते तिथे असावं.

मजकूर आणि देवनागरी

नावात ‘एंटरप्रायजेस’ किंवा ‘सर्व्हिसेस’ असेल तर त्यातून काहीही कळत नाही, तरी कार्डावर तेच सगळ्यात मोठं असतं. हे उलटं करा. ‘फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्ती, घरी येऊन’ ही ओळ १२ ते १४ पॉइंटमध्ये, फोन नंबर १२ मध्ये, नाव १० मध्ये, पत्ता ८ मध्ये. सेवांची यादी चार-पाचवर थांबवा. पंधरा कामं लिहिलेलं कार्ड वाचलं जात नाही, आणि नेमकं कशासाठी बोलवायचं ते डोक्यात राहत नाही. दोन नंबर देत असाल तर व्हॉट्सॲप कोणत्यावर आहे ते लिहा. नंबर पाच-पाच किंवा तीन-तीन-चार अशा तुकड्यांत मोडा. सलग दहा आकडे फिरवताना चुकतात.

देवनागरीला रोमनपेक्षा मोठा आकार लागतो, कारण शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा, रफार, उकार यांना जागा हवी असते. रोमन ७ पॉइंटला वाचता येतं. देवनागरी ८ च्या खाली नेऊ नये, आणि गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर ९. पांढऱ्या अक्षरांत आजूबाजूची शाई आत सरकते आणि अनुस्वाराचा टिंब पहिला बुजतो. ‘रंग’चा ‘रग’ होतो. ओळींमधलं अंतरही रोमनपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

याहून मोठी गडबड फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. ते निदान लगेच कळतं. युनिकोड मजकूर जेव्हा भारतीय लिप्यांची जुळणी चालू नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, तेव्हा चूक बारीक असते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, ‘र्य’चा रफार सुटून पाय मोडलेला ‘र्’ दिसतो, ‘ट्र’ फुटून ‘ट्’ आणि ‘र’ वेगळे होतात. ज्याला मराठी वाचता येत नाही अशा ऑपरेटरच्या नजरेतून हे निसटतं आणि तसंच छापलं जातं. उपाय एकच. सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पीडीएफ द्या, आणि मूळ बदलता येणारी फाइल आपल्याकडे वेगळी ठेवा. कर्व्ह केल्यावर पीडीएफ मोठी करून प्रत्येक जोडाक्षर पुन्हा वाचा. ‘ऱ्या’, ‘र्‍हा’, ‘श्री’, ‘कृ’, ‘द्ध’ ही नेहमी फसणारी ठिकाणं.

फाइलची बाकी मोजमापं थोडक्यात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई; थोडक्यात ८५ × ५५ च्या कार्डाला ९१ × ६१ मिमीची फाइल. कडेपासून आत किमान ४ मिमीपर्यंत मजकूर नको. फोटो वापरत असाल तर ब्लीडसकट १०७५ × ७२० पिक्सेलपेक्षा लहान नसावा, ते ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, होतं. लोगो व्हेक्टरमध्ये, चॅटवर फोटो म्हणून पाठवलेला लोगो दाबला जातो आणि कडा फुटतात, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लहान अक्षरं फक्त काळ्या शाईत, चार रंग मिसळून नाही, कारण चार प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षराला रंगीत कड येते. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या काळ्या शाईत राखाडी दिसतो. त्यात ६० टक्के सायन, ४० मजेंटा, ४० यलो घाला. स्क्रीनवरचा झगझगीत निळा, केशरी, पोपटी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, येत नाहीत, त्यामुळे रंग पसंत करायचा तो छापील नमुन्यावरून.

आणि चौकट नको. गिलोटिनखाली शेकडो कार्डांची चळत एकदम कापली जाते, त्यात अर्धा ते एक मिलीमीटर सरकणं नेहमीचं. कडेपासून २ मिमीवर बारीक चौकट असेल तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिमी उरतं, आणि चौकट नसती तर कुणाला दिसलंही नसतं असं वाकडं कापणं चारचौघांत दिसतं.

क्यूआर कोड

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी कारखान्यातले सुटे भाग ओळखण्यासाठी तयार केला. डाग पडला, मळला तरी वाचता यावा म्हणून त्यात माहितीची भरपाई अंगभूत ठेवली: एल पातळीवर ७ टक्के, एमवर १५, क्यूवर २५ आणि एचवर ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो. कार्डासाठी एम पुरते. मध्ये लोगो घालायचा असेल तरच एच घ्यावी, कारण पातळी वाढवली की चौकोनही वाढतात.

कोडात किती मजकूर भरता यावर सगळं अवलंबून आहे. ४० अक्षरांची वेब लिंक एम पातळीवर २९ × २९ चौकोनांत बसते. २० मिमीच्या कोडात एक चौकोन ०.७ मिमीचा येतो, आणि कुठलाही मोबाइल तो उचलतो. तेच नाव, पत्ता, दोन नंबर, ईमेल असा अख्खा संपर्क भरला की सहज दोनशे बाइट होतात आणि ५७ × ५७ चौकोन लागतात. त्याच जागेत चौकोन ०.३५ मिमीवर येतो. अनकोटेड कागदावर शाई थोडी पसरली की जुन्या कॅमेऱ्याचे मोबाइल अडतात. मराठीत भरलं तर आणखी वाढ, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट घेतं. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मराठी संदेश घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: लिंकमध्ये प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे नुसतं ‘नमस्कार’ ६३ अक्षरं खातं. संदेश घालू नका. नंबरची साधी लिंक द्या.

कोड २० मिमीपेक्षा लहान नको. भोवती चार चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. वरच्या उदाहरणात ती पावणेतीन मिलीमीटर होते. फिकट पार्श्वभूमीवर गडद कोड हवा, कारण उलटा कोड काही ॲप वाचत नाहीत. कोडावर स्पॉट यूव्ही किंवा फॉइल अजिबात नको.

फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या सेवांबाबत सावध राहा. त्यांतल्या ‘डायनॅमिक’ कोडात तुमची लिंक नसते, त्या सेवेची असते. तिथून माणूस तुमच्या पानावर पाठवला जातो. मुदत संपली किंवा वर्गणी थांबली की वाटलेली सगळी कार्डं एका दिवसात मुकी होतात. नंतर लिंक बदलायची सोय हवी असेल तर स्वतःच्या डोमेनवर एक छोटा पत्ता तयार करा आणि त्याचा साधा कोड छापा. कोडाशेजारी तोच पत्ता आणि नंबर अक्षरांत लिहायला विसरू नका.

छपाई कुठून करून घ्यावी

डिजिटल छपाईला प्लेटा लागत नाहीत, त्यामुळे १०० नग परवडतात आणि प्रत्येक नगाचा खर्च जवळजवळ सारखा राहतो. ऑफसेटला चार प्लेटा आणि मशिन लावण्याचा खर्च आधीच होतो, म्हणून तिथे हजाराच्या पुढेच अर्थ आहे. ‘हजार घेतले तर नग स्वस्त’ हे गणित बरोबर असतं, पण नवा धंदा वर्षभरात नंबर, जागा नाहीतर कामाचं स्वरूप बदलतो, आणि उरलेल्या सहाशे कार्डांचा दर कुणी मोजत नाही.

स्वस्तातली ऑनलाइन सेवा अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच पत्रीवर मांडते. शेजारच्या कार्डाला लाल जास्त लागला तर शाईचा तोल त्याच्याकडे झुकतो, आणि पुढच्या खेपेत तुमचा निळा जांभळट येऊ शकतो. रंगाबद्दल काटेकोर असणाऱ्यांनी जवळच्या प्रेसमध्ये, ठरवलेल्या कागदावर एक छापील प्रूफ काढून त्यावर सही करावी. बाकीच्यांना ऑनलाइन सेवा पुरेशी आहे. घरच्या प्रिंटरवर, आधी छिद्रं पाडलेल्या ए४ पत्र्यांवर एकावेळी दहा कार्डं निघतात. पण कडा केसाळ राहतात, बऱ्याच घरगुती प्रिंटरना जाड कागद ओढवत नाही आणि इंकजेटची पाण्यात विरघळणारी डाय शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. तातडीच्या दोन दिवसांपुरतं ठीक.

गठ्ठा हातात आल्यावर तिथल्या तिथे पाच मिनिटं द्या. वरचं कार्ड सोडून मधली दहा कार्डं काढा. चळत आडवी धरून कडेकडून पाहा, कापणं सरकलं असेल तर रंगाची पट्टी तिरकी दिसते. पंख्यासारखी पसरून रंग एकसारखा आहे का बघा. पांढऱ्या कापडाने गडद भाग दहादा घासा; कापडाला रंग लागला तर शाई अजून वाळलेली नाही, गठ्ठा एक दिवस सैल ठेवावा लागेल. सगळ्यात जुना मोबाइल घेऊन मंद उजेडात कोड वाचून बघा. नंबर स्वतः डायल करा, पाठ असला तरी कार्डावर बघून.

वाटप

काम संपलं, पैसे मिळाले, गिऱ्हाईक खूश आहे, ही कार्ड देण्याची वेळ. दोन द्या: एक मागे तारीख आणि केलेलं काम लिहून, दुसरं कोरं, ‘कुणाला लागलं तर’ म्हणून. रस्त्यावर अनोळखी लोकांना शंभर वाटण्यापेक्षा अशी वीस जास्त फोन आणतात. पूरक धंद्यांच्या काउंटरवर ठेवायची असतील तर एकावेळी दहा-पंधराच ठेवा आणि भरायला स्वतः जा. शंभरचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये जातो. दहा संपली की मालक फोन करतो आणि ओळख टिकते.

कुठलं कार्ड काम करतं हे कळायला कोपऱ्यात एक लहान अक्षर पुरतं: ‘क’ गिऱ्हाइकांना दिलेली, ‘ख’ हार्डवेअरच्या दुकानातली, ‘ग’ सोसायटीच्या बोर्डावरची. डिजिटल छपाईत एकाच ऑर्डरमध्ये असे तीन प्रकार निघतात. नव्या माणसाचा फोन आला की ‘कार्डाच्या कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे?’ एवढं विचारून वहीत टिपा. क्यूआर वापरत असाल तर प्रत्येक प्रकाराला वेगळा पत्ता द्या, म्हणजे मोजणी आपोआप होते.

दुसरी खेप मागवताना फाइलसोबत पहिल्या खेपेतलं एक न वापरलेलं कार्ड द्या, जे बंद पाकिटात ठेवलं होतं असं. उन्हात फिकं पडलेल्या कार्डाशी रंग जुळवला तर नवी खेपही फिकीच येते. वहीत ज्या अक्षराखाली एकही नोंद नाही, तो प्रकार या खेपेत छापू नका. आणि नंबर बदलला असेल तर जुन्या कार्डांवर पेनाने खाडाखोड करून ती देत बसू नका. कोऱ्या पाठींवर दुकानातले हिशेब लिहा आणि नव्या नंबराची शंभर आजच मागवा.